गाडी तापते हे कळलं, पण कधी तापते?

मे महिन्यात चाळीसगावकडून कन्नड घाट चढायला लागलं की एखादी तरी गाडी बोनेट उघडून कडेला उभी दिसते. पूर्वी त्यात जुन्या जीपा आणि खच्चून भरलेले टेम्पो असायचे. आता बऱ्याचदा उंच केलेली, मोठ्या टायरची, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) लावलेली फोर-बाय-फोर असते. मालक पाण्याची बाटली हातात धरून उभा आणि सोबतच्या तिघांचे तीन सल्ले: रेडिएटर बदल, थर्मोस्टॅट काढून टाक, हेडचं पॅकिंग गेलंय.

यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतो. पण पहिला प्रश्न कुणीच विचारलेला नसतो. गाडी नेमकी कधी तापते? सिग्नलला उभी असताना, ताशी ९०-१०० ने पळताना, की फक्त चढावर? सुरू केल्यावर पाच मिनिटांत की तासाभराने? निम्मं निदान या उत्तरांतच असतं, आणि ते फुकट मिळतं. रेडिएटर फुकट मिळत नाही.

इंजिनातली उष्णता जाते कुठे

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. ती सगळी चाकांपर्यंत पोचत नाही. ढोबळमानाने तिसरा हिस्सा गाडी ओढायच्या कामी येतो (आजच्या चांगल्या डिझेल इंजिनात थोडा जास्त), तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो आणि उरलेल्यातला मोठा भाग इंजिनाच्या पोटात फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ताशी १५ लिटरच्या हिशेबाने डिझेल जळत असेल, तर १५० किलोवॅट ऊर्जा मोकळी होते आणि त्यातली ४० किलोवॅट किंवा जास्तच रेडिएटरला बाहेर फेकावी लागते. सपाट रस्त्यावर निवांत जाताना हा आकडा बराच खाली असतो. म्हणून रोज गावात नीट चालणारी गाडी घाटात दगा देते, यात नवल काही नाही.

या पाण्याला कूलंट म्हणायचं: पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन, बहुतेक गाड्यांत निम्मं-निम्मं, आणि त्यात गंज रोखणारी द्रव्यं. ते फिरवणारा पंप म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'वॉटर बॉडी'. इंजिन गार असताना कूलंट रेडिएटरकडे जाऊ नये म्हणून एक झडप असते, ती थर्मोस्टॅट. ती साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडायला लागते. रेडिएटरमध्ये चपट्या नळ्या आणि त्यांच्या मधोमध पातळ पत्र्याची जाळी असते, तिला फिन म्हणतात. फॅनच्या भोवती जो प्लास्टिकचा घेर असतो तो श्राऊड. एवढे शब्द पुरेत.

मराठवाड्यात घरोघरी जो कूलर लावतात तो डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं बरंचसं सोपं होईल. कूलरची एका बाजूची जाळी काढून ठेवली तर पंखा ओल्या गवतातून हवा ओढायच्या भानगडीत पडत नाही. उघड्या बाजूने फुकटची गरम हवा ओढतो. रेडिएटरचा श्राऊड काढला की फॅन हेच करतो. बोअरच्या पाण्याने कूलरच्या गवतावर मोसमाच्या शेवटी पांढरी पुटं चढतात, तीच पुटं रेडिएटरच्या नळ्यांत आतून चढतात, फक्त दिसत नाहीत. फरक एवढाच की कूलरमध्ये पाणी उडून जाऊन गारवा येतो आणि गाडीत ते बंद नळ्यांत राहतं. हवा ठरवलेल्या वाटेनेच गेली पाहिजे, ही अट मात्र दोन्हीकडे सारखी.

मे महिन्यातच का?

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९० अंशांवर आणि हवा ३० वर असेल तर फरक ६० अंशांचा. हवा ४३ वर गेली की फरक उरला ४७. म्हणजे काहीही न बिघडता त्याच रेडिएटरची ताकद २२ टक्क्यांनी कमी झाली. त्यात तापलेल्या डांबराला लागून असलेली हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा गरम असते, आणि एसी चालू असेल तर एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढ्यात बसून स्वतःची उष्णता त्याच हवेत आधी सोडतो.

कंपनीतून निघालेल्या गाडीत एवढी गुंजाइश ठेवलेली असते. बदल केलेल्या गाडीत आपण ती थोडी थोडी खर्च केलेली असते आणि जानेवारीत ते कळत नाही.

दुसरं एक कारण आपल्याकडचं आहे. सोयाबीनची मळणी ऑक्टोबरच्या सुमारास आणि कापसाची वेचणी त्यापुढचे काही महिने चालते. या दिवसांत शेतरस्त्यांनी हिंडलेल्या गाडीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत भुसा, कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ जाऊन बसते. पुढून ग्रिलमधून डोकावलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून मालक निर्धास्त. वरच्या पट्टीचे बोल्ट सैल करून कंडेन्सर थोडा पुढे झुकवला आणि आत टॉर्च मारला की खरा प्रकार कळतो: रेडिएटरच्या खालच्या भागावर करड्या रंगाचा, नमद्यासारखा थर, बोटाने कोपरा धरून ओढला तर अख्खी पट्टी निघून येते. हिवाळ्यात अडकलेलं हे सगळं मे महिन्यात त्रास द्यायला लागतं, तोवर सोयाबीनचं शेत कुणाच्या लक्षातही नसतं.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाते. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने फिन आडव्या पडतात आणि मग हवाच जात नाही. साधा पाइप, थोडा धीर, आणि वाळलेल्या काळ्या चिखलावर आधी तासभर ओलावा. ही माती एकदा वाळली की झटपट सुटत नाही.

बदलांनी नेमकं काय होतं?

टायरपासून सुरुवात करू, कारण त्यांचा इंजिन तापण्याशी संबंध चटकन लक्षात येत नाही. २३५/७० आर १६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे २९ इंच. त्या जागी ३३ इंची टायर घातले तर व्यास १४ टक्क्यांनी वाढला. म्हणजे त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला इंजिन कमी फेऱ्यांवर चालणार आणि तरी जड चाक ओढणार. बेल्टवरची वॉटर बॉडी आणि बेल्टवरचाच फॅन असेल तर तोही इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो. ओझं वाढलं आणि पाणी-हवा कमी झाली, दोन्ही एकदम. त्यात चालक सवयीने जुन्याच गिअरमध्ये चढ घेतो आणि इंजिन दबून चालतं. यावर पहिला उपाय पैशाचा नाहीच: एक गिअर खाली घ्या. कच्च्या चढणीवर, नदीपात्रात, वाळूत फोर-लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर, लावा. मोकळ्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर-लो लावायचं नसतं.

ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक भर पडते. हळू रेटत चढताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) भरपूर उष्णता तयार होते, आणि बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल गार करायचं कामही याच कूलंटकडे किंवा याच हवेकडे असतं.

बंपर, विंच आणि लाइट बार हवेच्या वाटेत उभे राहतात. कित्येक नव्या गाड्यांत ग्रिल दिसायला मोठी असली तरी बरीचशी हवा खालच्या तोंडातून घेतली जाते, आणि बाजारातला जाड पत्र्याचा बंपर नेमकं तेच तोंड बंद करतो. शिवाय बंपर, विंच आणि टपावरचं कॅरिअर मिळून शंभर-दीडशे किलो वजन वाढतं. ईसीयू रिमॅप केलेला असेल, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला जास्त डिझेल सोडायला शिकवलेलं असेल, तर ताकद वाढली तेवढी उष्णताही वाढली, रेडिएटर तोच.

बोनेटच्या मागच्या बिजागरीखाली वायसर घालून फट ठेवायची एक फॅशन आहे. गाडी उभी किंवा हळू असताना त्या फटीतून गरम हवा निघते, हे खरं. पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि हवा तिथून आत शिरायला बघते. मग इंजिनाच्या खोलीतली हवा बाहेर पडायला जागा राहत नाही आणि रेडिएटरमधून येणारी हवाही मंदावते. मला हा बदल कधीच पटलेला नाही.

जाता जाता कायद्याचं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. उष्णतेला कायदा कळत नाही, आरटीओला कळतो.

कधी तापते, त्यावरून काय समजायचं?

उभी असताना किंवा गर्दीत तापते आणि महामार्गावर लागताच काटा खाली येतो, तर संशय फॅनवर. पळत्या गाडीला हवा आपोआप मिळते, उभ्या गाडीला ती फॅनच देतो. विजेवरचा फॅन असेल तर इंजिन चालू करून एसी लावा. थोड्याच वेळात फॅन फिरायला हवा. फिरत असेल तर वर्तमानपत्राचं एक पान ग्रिलसमोर धरा. ते ओढलं जाऊन चिकटलं पाहिजे. पान उलट बाहेर ढकललं गेलं तर फॅनच्या वायरी उलट्या जोडल्यात, आणि बाहेरून फॅन बसवलेल्या गाड्यांत हे दिसतं. पान ढिलं लोंबत राहिलं तर फिन तुंबल्यात, श्राऊड नाही किंवा मोटर मेली आहे. बेल्टवरच्या फॅनला बऱ्याचदा मध्ये फॅन क्लच असतो, ज्यात सिलिकॉनचं तेल असतं. गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि पातं हाताने फिरवून बघा. चिकट अडथळा जाणवायला हवा. पातं भिंगरीसारखं मोकळं फिरलं आणि क्लचच्या तोंडाशी तेलकट धूळ जमलेली दिसली, तर क्लच गेला.

गावात ठीक, पण धुळे-सोलापूर महामार्गावर ९०-१०० ला काटा हळूहळू वर चढतो, तर फॅनचा दोष नाही. इथे हवा अडली आहे किंवा कूलंट पुरेसं वाहत नाही. लाइट बार आणि ग्रिलसमोरचे जास्तीचे दिवे एक दिवस उतरवून त्याच रस्त्याने, त्याच वेळेला, तेवढ्याच वेगाने जाऊन बघा. फरक पडला तर उत्तर मिळालं. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे रबर आणि फोमचे पट्टे बंपर बसवताना काढून फेकलेले असतात, तेही तपासा. त्या फटींतून हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारा खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने चपटा होत नाही ना, हे कुणाला तरी ॲक्सिलरेटर वाढवायला सांगून बाजूने बघता येतं. हात मात्र फिरत्या बेल्टपासून लांब.

फक्त चढावर तापते, तेव्हा सगळी यंत्रणा धड असून ताकद कमी पडत असू शकते, किंवा प्रत्येक भाग थोडा थोडा कमकुवत झालेला असू शकतो. इथे सोपं उत्तर देणारा मिस्तरी जरा जपूनच ऐकावा. गिअर, टायर, रिमॅप, वजन हे आधी. चिखलात फिरलेल्या गाडीचे ब्रेक अडकून राहतात, तेही बघावं; पाच-दहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवून चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या. एकच चाक झळ मारत असेल तर इंजिन विनाकारण त्या ब्रेकशी झगडतंय.

गार इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा लाल रंगाकडे धावतो, तर रेडिएटर विसरा. एवढ्या वेळात त्याची पाळीच आलेली नसते. कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा हेड गॅसकेट, म्हणजे मघाचं 'हेडचं पॅकिंग', फुटलंय, या चारांतलं एक.

काट्यावर किती विश्वास ठेवायचा?

कमी. आजच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. कूलंट ७५ वर असो की १०५ वर, तो मध्यावरच बसून राहतो, म्हणजे ग्राहक उगाच घाबरत नाही. काटा हलला तेव्हा उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र घ्या. ते मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान दाखवतं. ९० ते १०० च्या आसपासचे आकडे बघून दचकू नका, नवी इंजिनं तिथेच चालतात. चढावर १०५ पर्यंत जाऊन उतारावर परत आलं तरी चालेल. ११० ओलांडून वाढतच राहिलं तर थांबायचं.

दोन गोष्टी काट्यापेक्षा आधी बोलतात. काही गाड्यांत तापमान वाढलं की कॉम्प्युटर एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, त्यामुळे चढावर अचानक गरम हवा यायला लागली तर नुसता गॅस संपल्याची शंका घेऊ नका. आणि कूलंट पार कमी झालं की सेन्सर पाण्याऐवजी हवेत लोंबतो. तेव्हा इंजिन भट्टीत असतं आणि काटा खाली पडलेला असतो. तापलेल्या गाडीचा काटा एकदम गार दाखवू लागला तर ती आनंदाची बातमी नव्हे.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर वरचा होज आणि खालचा होज, दोन्हींच्या रबरावर नेम धरा. चमकत्या ॲल्युमिनियमवर धरला तर तो कमी आकडा दाखवतो. दोन्ही होज जवळजवळ सारखेच तापलेले असतील तर कूलंट फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही. वरचा कढत आणि खालचा बराच गार असेल तर वाहणंच कमी आहे: नळ्या तुंबल्यात, वॉटर बॉडीची पाती झिजलीत किंवा थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही.

झाकणाचं एवढं काय?

रेडिएटरचं झाकण ही या सगळ्यातली स्वस्त आणि दुर्लक्षित वस्तू. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणातली स्प्रिंग आत साधारण १ बार दाब धरून ठेवते, त्यामुळे निम्म्या ग्लायकॉलचं कूलंट १२५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला. गाडी पाणी फेकते, मालक पाणी भरतो, ती परत फेकते. झाकणात दुसरी एक इवलीशी झडप असते, जी इंजिन गार होताना बाजूच्या कूलंटच्या टाकीतलं कूलंट परत आत घेते. सकाळी बोनेट उघडल्यावर वरचा होज चपटा, आत ओढलेला दिसला तर ती अडकली आहे. नवं झाकण घेताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्याशी जुळवून घ्या. जास्त दाबाचं झाकण म्हणजे जास्त चांगलं, असं नाही, जुना होज फुटेल.

'थर्मोस्टॅटच काढून टाका ना'

आपल्या भागात हा सल्ला सर्रास मिळतो, आणि काही जुन्या इंजिनांत तो काढल्यावर काटा खरंच खाली येतो, म्हणून तो टिकून आहे. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूने दुसरी चकती असते. वरची वाट उघडली की ती चकती इंजिनातल्या इंजिनात फिरणारी आडवाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की आडवाट कायमची उघडी, आणि कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला न जाताच परत इंजिनात. मे महिन्यात घाटात अशी गाडी आधीपेक्षा लवकर तापते. हिवाळ्यात ती नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त खाते आणि इंजिनची झीज वाढते. नव्या गाडीत तर चेक इंजिनचा दिवाही लागतो.

'पाणी फार जोरात फिरलं की त्याला गार व्हायला वेळ मिळत नाही' असं कारणही सांगतात. ते चूक आहे. पाणी जोरात फिरल्याने रेडिएटर कमी उष्णता टाकत नाही. बिघाड त्या आडवाटेचा असतो.

थर्मोस्टॅट खराब आहे का, हे बघायला तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा आणि पाणी तापवत थर्मामीटर धरा. त्यावर कोरलेल्या आकड्याजवळ तो उघडायला लागला आणि पुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला तर परत बसवा.

'साधं पाणी जास्त गार करतं, मग कूलंट कशाला?'

आक्षेपात तथ्य आहे. तेवढ्याच वजनाचं साधं पाणी निम्म्या ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, आणि आपल्याकडे रेडिएटर गोठायची भीती नाही. प्रश्न पाणी कुठलं, हा आहे. मराठवाड्याच्या बेसाल्ट खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. ते तापलं की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सगळ्यात गरम जागी, म्हणजे हेडच्या आत आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतात. हा थर उष्णता अडवतो. शिवाय साध्या पाण्यात गंजरोधक नसल्याने ॲल्युमिनियमचं हेड आणि रेडिएटर आतून खाल्लं जातं.

म्हणून तयार कूलंट किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. हिरवं आणि लाल एकत्र करू नका. रंगावर भरवसाही ठेवू नका, डब्यावरची जात वाचा. वेगळ्या जाती मिसळल्या तर गंजरोधक निकामी होऊ शकतात आणि कधी आत गाळ धरतो. अडचणीत रस्त्यावर मिळेल ते पाणी जरूर घाला, पण गावी पोचल्यावर ते काढून यंत्रणा धुऊन घ्या. भरताना गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर लावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. आत हवा राहिली तर नवं कूलंट घालूनही गाडी तापते आणि दोष कूलंटवर जातो.

'मोठा ॲल्युमिनियम रेडिएटर बसवला की मिटलं'

मिटतं, जर दुखणं खरंच ताकद कमी पडण्याचं असेल तर. फॅन, श्राऊड, फिन, झाकण, थर्मोस्टॅट सगळं तपासून झालं, गिअर बदलून बघितला, तरी चढावर तापमान चढतच राहिलं, तर रिमॅप केलेल्या आणि ३३ इंची टायरच्या गाडीला मोठा रेडिएटर योग्यच आहे. पण निवडताना उंची-रुंदी बघा, नुसती जाडी नको. तीन-चार रांगांच्या जाड रेडिएटरमध्ये मागच्या रांगांपर्यंत हवा आधीच तापून पोचते, आणि मूळ फॅनला एवढ्या जाडीतून हवा ओढवत नाही. असा रेडिएटर महामार्गावर बरा वागतो आणि दगडाधोंड्यांत हळू चालताना उकळतो. नव्या मापाचा श्राऊड सोबत मिळत नसेल तर तो आधी बनवून घ्या, मगच पैसे मोजा.

हेडचं पॅकिंग गेलंय, हे कसं कळतं?

इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं हेड गॅसकेट फुटलं की सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो. गार इंजिन सुरू करून लगेच वरचा होज दाबून बघा; कूलंट तापायच्या आधीच तो दगडासारखा कडक झाला तर हा संशय घ्यायचा. टाकीत ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारे न थांबणारे बुडबुडे, कुठेही न गळता कमी होणारं कूलंट, गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाला आतून चहाच्या रंगाचा फेस, या बाकीच्या खुणा. फेस एकटाच असेल तर घाई नको, हिवाळ्यात थोडं अंतर चालणाऱ्या गाडीतही तो थोडाफार धरतो. खात्री करायला निळ्या द्रवाची चाचणी असते: टाकीतली हवा त्या द्रवातून ओढतात, जळालेला वायू असेल तर रंग बदलतो.

हेड उतरवलंच तर फक्त पॅकिंग बदलून बसवू देऊ नका. सरळ स्टीलपट्टी हेडवर आडवी, उभी, तिरपी ठेवून खालून फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून बघायला सांगा. कित्येक इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या वर वाकलेलं हेड चालत नाही. आधी ते यंत्रावर घासून सपाट करून घ्यावं लागतं, त्याला गॅरेजमध्ये 'फेस मारणं' म्हणतात. आणि गॅसकेट का फुटलं, ते शोधा. बहुतेकदा आधी गाडी दुसऱ्याच कशाने तरी तापलेली असते, हेड त्यात वाकतं आणि पॅकिंग नंतर जातं. मूळ कारण तसंच ठेवलं तर नवं पॅकिंगही पुढच्या उन्हाळ्यात जाईल.

रस्त्यात तापलीच तर

तापमान चढायला लागलंय पण अजून लाल रंगात नाही, तर एसी बंद, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. मे महिन्यात आत बसणाऱ्यांचे हाल होतात, पण इंजिनाला तेवढीच मदत. गिअर कमी करा, ॲक्सिलरेटर हलका ठेवा. सावली मिळाली आणि कूलंट गळत नसेल तर थांबून दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवलेलं चांगलं, म्हणजे पंप आणि फॅन उष्णता काढत राहतात.

वाफ निघत असेल, कूलंट सांडत असेल किंवा काटा लाल रंगात गेला असेल तर इंजिन ताबडतोब बंद. बोनेट उघडा आणि पाऊण तास लांब बसा. विजेवरचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून आत हात घालायचा नाही. झाकण तर बिलकूल उघडायचं नाही. आतलं कूलंट १०० अंशांच्या वर असूनही दाबामुळेच उकळत नसतं. झाकण सैल होताच ते एका क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. वरचा होज दाबल्यावर मऊ लागला, हात ठेवता आला, तेव्हा जाड कापड धरून झाकण आधी अर्धा आटा फिरवायचं, फुसफुस थांबू द्यायची, मग काढायचं.

तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतणारे हौशी लोक घाटात हमखास भेटतात. त्यांना हात जोडा. गरम हेडला असा झटका बसला की तडा जाऊ शकतो. आतही गार पाणी एकदम भरू नका. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं घाला, तेही ते पुरेसं गार झाल्यावर. परत सुरू केल्यावर इंजिन थरथरत एका सिलिंडरने कमी चालत असेल किंवा मागून पांढरा धूर येत असेल, तर कन्नड घाट असो की मांजरसुंब्याचा, तिथून पुढे टो करूनच न्या.